एअरगनसाठी डिजिटल स्कोप घ्यावा की काचेचा? मुळशीच्या पावसापासून कायद्यापर्यंत सगळं समजून घ्या

इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर एअरगनचे व्हिडिओ पाहणाऱ्यांना एक दृश्य ओळखीचे झाले आहे. गडद रात्र, हिरवट किंवा काळे-पांढरे चित्र, मध्ये लाल फुली आणि कोपऱ्यात अंतराचा आकडा. हे चित्र डिजिटल स्कोपमधून रेकॉर्ड केलेले असते. असे व्हिडिओ पाहून अनेकांना वाटते की जुना काचेचा स्कोप आता अडगळीत टाकावा. पुण्याहून मुळशीकडे जाताना पिरंगुट, पौडच्या पुढे शेतघरे वाढली आहेत. तिथे सुट्टीच्या दिवशी कागदी लक्ष्यावर छर्रे मारण्याचा छंदही काहींनी धरला आहे आणि तिथेही हा प्रश्न हमखास निघतो.

डिजिटल स्कोप 'नवा' आहे म्हणून चांगला आणि काचेचा 'जुना' आहे म्हणून वाईट, इतके हे सोपे नाही. दोन्हींची कामे वेगळी आहेत आणि मुळशीसारख्या भागात तर पाऊस, जंगल आणि कायदा या तिन्ही गोष्टी या निवडीत येतात.

आधी एक गंमत: ऑलिंपिकमध्ये स्कोपच नसतो

म्हाळुंगे-बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल मुळशी तालुक्याला लागूनच आहे. २००८ च्या राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धांमुळे हे संकुल देशभर माहीत झाले आणि तिथल्या शूटिंग रेंजवर महाराष्ट्राच्या कितीतरी नेमबाजांनी सराव केला. तिथे १० मीटर एअर रायफलचा सराव करणाऱ्यांकडे पाहिले, तर एकाच्याही रायफलवर दुर्बीण दिसत नाही.

कारण आंतरराष्ट्रीय नियमांनुसार या प्रकारात दुर्बिणीला परवानगीच नाही. रायफलच्या मागच्या बाजूला बारीक छिद्राची चकती असते, तिला पीप साइट म्हणतात. पुढे नळीच्या टोकावर एक गोल कडे असते. छिद्रातून पाहून ते कडे आणि लक्ष्याचा काळा गोल एकमेकांत बरोबर बसवायचा, एवढीच सगळी यंत्रणा. लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका फक्त ०.५ मिलिमीटरचा असतो. अंजली भागवत यांनी २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये याच प्रकाराची अंतिम फेरी गाठली आणि ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरोला याच प्रकारात विश्वविजेतेपद मिळवले. दोघांच्याही रायफलवर स्कोप नव्हता.

म्हणजेच मुलाला किंवा मुलीला स्पर्धात्मक नेमबाजीत घालायचे असेल, तर डिजिटल आणि काचेचा हा वादच लागू होत नाही. स्कोपवर खर्च करण्याआधी ही गोष्ट माहीत असलेली बरी.

मग स्कोप लागतो कुठे?

स्कोपचा उपयोग मुख्यतः दोन ठिकाणी होतो. एक म्हणजे १० ते ५० मीटरवर कागदी किंवा पत्र्याच्या लक्ष्यावर केलेला छंदाचा सराव. दुसरा म्हणजे 'फील्ड टार्गेट' हा खेळ. हा ब्रिटनमध्ये १९८० च्या सुमारास सुरू झाला. मोकळ्या रानात वेगवेगळ्या अंतरांवर लोखंडी लक्ष्ये लावलेली असतात. प्रत्येकात एक गोल छिद्र असते. छर्रा छिद्रातून आरपार जाऊन मागच्या पट्टीवर बसला, तर लक्ष्य खाली पडते. छिद्राच्या कडेला लागला, तर ते उभेच राहते आणि गुण जातो.

या खेळात लक्ष्य किती लांब आहे हे नेमबाजाने स्वतः ओळखायचे असते. लेझरने अंतर मोजायला मनाई आहे. त्यामुळे लेझर असलेला डिजिटल स्कोप इथे चालत नाही आणि चांगला काचेचा स्कोप मात्र हातचे हत्यार ठरतो. तो अंतर कसे सांगतो, ते पुढे येईलच.

काचेचा स्कोप कसा काम करतो?

पुढच्या मोठ्या भिंगातून, म्हणजे ऑब्जेक्टिव्हमधून, प्रकाश आत येतो. मधली भिंगे उलटे चित्र सुलटे करतात आणि मागच्या भिंगातून ते मोठे होऊन डोळ्यापर्यंत पोहोचते. वाटेत नेमाची फुली असते, तिला रेटिकल म्हणतात. ना बॅटरी, ना पडदा.

त्याच्या नावातले आकडे वाचायला सोपे असतात. '३-९×४०' म्हणजे चित्र ३ ते ९ पट मोठे दिसते आणि पुढचे भिंग ४० मिलिमीटरचे आहे. भिंगाच्या आकड्याला पटीने भागले, की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ४ पटीला ४० भागिले ४, म्हणजे १० मिलिमीटर. ९ पटीला जेमतेम साडेचार मिलिमीटर. संध्याकाळी पट वाढवली की चित्र काळवंडते, त्यामागे हेच गणित आहे. तो स्कोपचा दोष नसतो.

नेम दुरुस्त करायला वर आणि बाजूला दोन चकत्या असतात. त्या फिरवल्या की टिक-टिक असा आवाज येतो. बऱ्याच स्कोपमध्ये एक टिक म्हणजे पाव मिनिट कोन. १० मीटरवर त्याचा अर्थ सुमारे ०.७ मिलिमीटर आणि २५ मीटरवर सुमारे १.८ मिलिमीटर. छर्रा २५ मीटरवर दीड-दोन सेंटिमीटर डावीकडे लागत असेल, तर साधारण दहा टिक उजवीकडे.

डिजिटल स्कोप म्हणजे नळीत बसवलेला कॅमेरा

डिजिटल स्कोपमध्येही पुढे भिंग असतेच, पण त्याच्या मागे मोबाइलच्या कॅमेऱ्यासारखा सेन्सर असतो. सेन्सरने टिपलेले चित्र डोळ्यासमोरच्या छोट्या पडद्यावर दिसते आणि फुली त्या पडद्यावरच काढलेली असते. एटीएन, पार्ड, पल्सर ही या बाजारातली काही प्रसिद्ध नावे.

कॅमेरा असल्यामुळे काही सोयी आपोआप मिळतात. प्रत्येक शॉट रेकॉर्ड होतो. फुलीचा रंग आणि आकार बदलता येतो. काही मॉडेलमध्ये लेझरने अंतर मोजून फुली तेवढी वर-खाली सरकवण्याची सोयही असते. नेम जुळवणेही सोपे होते. एक छर्रा मारायचा आणि तो जिथे लागला तिथे पडद्यावरची फुली नेऊन ठेवायची.

अंधारात पाहायला हा स्कोप इन्फ्रारेड दिव्याचा आधार घेतो. हा प्रकाश आपल्याला दिसत नाही, पण सेन्सरला दिसतो. ८५० नॅनोमीटरचा दिवा लांबवर पोहोचतो, पण त्याच्या तोंडाशी मंद लाल ठिपका दिसतो. ९४० नॅनोमीटरचा दिवा जवळपास अदृश्य असतो, पण त्याचा पल्ला कमी.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. डिजिटल नाइट व्हिजन आणि थर्मल स्कोप एकच नाहीत. थर्मल स्कोप शरीराची उष्णता टिपतो आणि त्याला दिव्याची गरज लागत नाही. साध्या काचेतून ती उष्णता पुढे जात नाही, म्हणून थर्मलचे भिंग जर्मेनियमसारख्या महागड्या पदार्थाचे करावे लागते.

चित्र कोणाचे स्पष्ट? थोडे गणित

'फोर-के' हा शब्द ऐकला की काचेपेक्षा चित्र चांगलेच असणार, असे वाटते. गणित वेगळे सांगते.

समजा, एका डिजिटल स्कोपच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल आहे आणि त्यातून १० अंशांचा पट्टा दिसतो. २५ मीटरवर हा पट्टा सुमारे ४.४ मीटर रुंद होतो. म्हणजे एक पिक्सेल सुमारे २.३ मिलिमीटरचा. छर्ऱ्याचे छिद्र ४.५ मिलिमीटरचे असते, तेव्हा ते कसेबसे दोन पिक्सेलमध्ये मावते. ५ अंशांचा पट्टा दाखवणाऱ्या भिंगाने हेच छिद्र चार पिक्सेलचे होईल. सुधारणा आहे, पण अजून ठिपकाच.

आता काच. निरोगी डोळ्याला साधारण १ मिनिट कोनाएवढा बारकावा दिसतो. २५ मीटरवर तो सुमारे ७ मिलिमीटर होतो. ८ पटीच्या चांगल्या स्कोपमधून तोच डोळा १ मिलिमीटरपेक्षा लहान फरक ओळखतो. दिवसाउजेडी कागदावरचे छिद्र शोधायला, वाऱ्याने हलणारे गवत पाहायला काच अजूनही पुढेच आहे.

डिजिटल झूमचीही गोष्ट अशीच. झूम दुप्पट केला, की स्कोप मधला एक चतुर्थांश भाग कापून तोच पडदाभर ताणतो. १९२०×१०८० चे चित्र प्रत्यक्षात ९६०×५४० चे उरते. मोठे दिसते, पण नवा बारकावा एकही मिळत नाही. म्हणून डिजिटल स्कोप घेताना भिंगाची मूळ पट किती, हे आधी विचारावे. '२० पट' हा पेटीवरचा आकडा पुष्कळदा झूम धरून लिहिलेला असतो.

पॅरलॅक्स: जिथे डिजिटल खरोखर जिंकतो

काचेच्या स्कोपमध्ये डोळा जरा बाजूला सरकला, तर फुली लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते. याला पॅरलॅक्स म्हणतात. मोठ्या बंदुकांसाठी केलेले बरेच स्कोप १०० यार्डांवर जुळवलेले असतात. तोच स्कोप एअरगनवर लावून १० मीटरवर मारले, तर चित्र धूसर आणि नेम डळमळीत. म्हणून एअरगनसाठी पुढच्या भिंगावर किंवा बाजूला अंतर जुळवण्याचे चाक असलेला आणि १० मीटरपर्यंत स्पष्ट दिसणारा स्कोप लागतो.

फील्ड टार्गेटचे खेळाडू याच त्रुटीचे कसब करतात. बाजूचे चाक फिरवून लक्ष्य अगदी स्पष्ट केले, की चाकावरचा आकडा अंतर सांगतो. त्यासाठी ते बशीएवढी मोठी चाके लावतात.

डिजिटलमध्ये चित्र आणि फुली एकाच पडद्यावर असतात. त्यामुळे डोळा सरकला तरी फुली लक्ष्यावरून हलत नाही. मान बरोबर त्याच जागी टेकवण्याची सवय न लागलेल्या नवशिक्याला हा मोठा दिलासा आहे.

कोणती एअरगन आहे, यावर बरेच ठरते

भारतातल्या बहुतेक साध्या एअरगन स्प्रिंगवर चालतात. चाप ओढला, की आतली दाबलेली स्प्रिंग सुटते आणि पिस्टन पुढे धावतो. तेव्हा बंदूक मागे जाते. पिस्टन टोकाला आदळून थांबतो, तेव्हा तिला पुढे झटका बसतो. हा दुहेरी हिसका मोठ्या रायफलच्या स्कोपलाही खिळखिळा करतो, कारण तो स्कोप फक्त एका दिशेचा धक्का सोसण्यासाठी बनवलेला असतो. भिंगे सैल होतात, फुली तिरकी होते, नेम रोज नव्या जागी जातो. स्कोप पट्टीवरून मागेही घसरतो, त्यासाठी मागे 'स्टॉप' लावावा लागतो.

म्हणून स्प्रिंगच्या एअरगनवर कोणताही स्कोप लावण्याआधी तो 'स्प्रिंग एअरगनसाठी चालेल' असे कंपनीने लिहिले आहे का, हे पाहावे. डिजिटल स्कोपबाबत तर हे दोनदा पाहावे. आत सर्किट आणि पडदा असतो, शिवाय वजनही जास्त. अनेक मॉडेल ७०० ग्रॅम ते १ किलोच्या घरात जातात. बऱ्याच डिजिटल स्कोपचे क्लॅम्प रुंद पट्टीसाठी असतात, तर एअरगनवर ११ मिलिमीटरची अरुंद खाच असते. मध्ये जोड बसवला, की स्कोप आणखी उंच जातो.

उंचीचा परिणाम नेमावर होतो. छर्रा नळीतून निघतो आणि नजर स्कोपमधून जाते, दोन्हींत अंतर असते. ते जितके जास्त, तितका अगदी जवळच्या लक्ष्यावर छर्रा फुलीच्या खाली लागतो. दूर गेल्यावर गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढते. साधारण २०० मीटर प्रतिसेकंद सरासरी वेगाने छर्रा ५० मीटरपर्यंत पोहोचेतो नळीच्या रेषेपासून सुमारे ३० सेंटिमीटर खाली येतो.

हवा भरून ठेवलेल्या पीसीपी प्रकारच्या एअरगनला हिसका जवळजवळ नसतो. डिजिटल स्कोप तिथे जास्त सुरक्षित राहतो.

मुळशीचा पाऊस आणि भिंगावरची बुरशी

ताम्हिणी परिसर राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे. जुलै २०२४ मध्ये तिथे एका दिवसात ५०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. अशा हवेत स्कोपचे दोन शत्रू असतात.

काचेच्या स्कोपचा शत्रू बुरशी. ओलसर कपाटात किंवा स्पंजाच्या पेटीत महिनोन्महिने ठेवलेल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे वाढतात. ती बुरशी भिंगावरचा लेप खाते आणि पुसून ते परत येत नाही. नायट्रोजन भरून सीलबंद केलेल्या स्कोपमध्ये आत धुके धरत नाही, पण बाहेरच्या बाजूची काळजी घ्यावीच लागते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवणे, पावसाळ्यात अधूनमधून कोरड्या उजेडात काढणे, एवढे पुरते.

डिजिटलचा शत्रू चार्जिंगचे भोक. रबरी झाकण नीट बसले नाही, तर पाणी थेट सर्किटपर्यंत जाते. पावसाळाभर वापर नसेल, तर बॅटरी काढून ठेवावी. उन्हाळ्यात बंद गाडीत लिथियम बॅटरीचा स्कोप ठेवू नये. दोन्ही प्रकारांत एक नियम समान: सूर्याकडे कधीही रोखू नये. काचेच्या स्कोपने डोळा जातो, डिजिटलने सेन्सर.

कायदा काय म्हणतो?

आर्म्स रूल्स, २०१६ नुसार २० ज्यूलपर्यंत ऊर्जा आणि ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटरपर्यंत व्यास असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. त्यापेक्षा मोठ्या किंवा जास्त ताकदीच्या एअरगनला लागतो. परदेशी व्हिडिओंमध्ये ०.२२ आणि ०.२५ इंचाच्या एअरगन सर्रास दिसतात. त्यांच्यासाठी दिलेला स्कोपचा सल्ला इथल्या एअरगनला जसाच्या तसा लागू होत नाही. परदेशातून डिजिटल किंवा नाइट व्हिजन स्कोप मागवण्याआधी कस्टम्स आणि स्थानिक पोलिसांकडे चौकशी करावी, नाहीतर पैसे भरून पार्सल अडकू शकते.

त्याहून मोठा मुद्दा जंगलाचा. ताम्हिणी घाटाचा परिसर २०१३ मध्ये वन्यजीव अभयारण्य घोषित झाला. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३१ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही. प्राण्याला इजा करू शकणारे कोणतेही साधन या व्याख्येत येते. परवाना लागत नाही म्हणून एअरगन यातून सुटत नाही.

अभयारण्याबाहेरही शिकारीला मुभा नाही. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आणि हरियल हा राज्यपक्षी, दोन्ही सह्याद्रीच्या झाडीत राहतात. कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणे नव्हे. जखमी करणे आणि तसा प्रयत्न करणेही शिकारच. मोरासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या जिवाच्या शिकारीला किमान ३ आणि कमाल ७ वर्षांची शिक्षा आहे. डिजिटल स्कोपने रेकॉर्ड करून टाकलेली रील अशा वेळी गुन्ह्याचा पुरावा ठरू शकते.

पिकात रानडुकरे येतात म्हणून एअरगन घेणे हाही चुकीचा मार्ग आहे. २० ज्यूलच्या छर्ऱ्याने रानडुक्कर मरत नाही, जखमी होते आणि जखमी रानडुक्कर माणसाला जास्त धोकादायक. पीकनुकसानीसाठी वन विभागाकडे भरपाईचा अर्ज करता येतो.

एअरगनचा पक्ष्यांवर किती परिणाम होतो, हे अरुणाचल प्रदेशने ओळखले. तिथे मार्च २०२१ मध्ये एअरगन स्वेच्छेने जमा करण्याची मोहीम सुरू झाली आणि गावोगावच्या लोकांनी आपल्या एअरगन सरकारकडे दिल्या.

रात्रीच्या सरावाचा छुपा धोका

इन्फ्रारेड दिव्याचा झोत जिथे पडतो, तेवढेच डिजिटल स्कोपमध्ये उजळ दिसते. लक्ष्यामागे वाट आहे, गोठा आहे की कोणी उभे आहे, हे अंधारात राहते. छर्रा चुकला, तर पुढे बराच लांब जातो आणि डोळ्याला लागला तर डोळा जातो. म्हणून सराव दिवसा करावा, लक्ष्यामागे मातीचा भक्कम बांध किंवा छर्रे अडवणारी पेटी असावी आणि डोळ्यांवर चष्मा असावा. दगड किंवा लोखंडी पत्रा मागे ठेवला, तर छर्रा उलटून येतो.

मग घ्यावा कोणता?

• स्पर्धेची १० मीटर एअर रायफल शिकायची असेल, तर कोणताच नाही. क्लबमध्ये पीप साइटवर शिकावे.

• स्प्रिंगची एअरगन आणि १० ते २५ मीटरचा दिवसाचा सराव असेल, तर स्प्रिंगचा हिसका सोसणारा, १० मीटरवर स्पष्ट दिसणारा काचेचा स्कोप. ४×३२ किंवा ३-९×४० पुरेसा.

• फील्ड टार्गेट खेळायचे असेल, तर जास्त पटीचा आणि बाजूला चाक असलेला काचेचा स्कोप.

• पीसीपी एअरगन आहे आणि आपले शॉट पाहून चुका सुधारायच्या आहेत, तर डिजिटलचा खरा उपयोग इथे. पण फक्त रेकॉर्डिंगच हवे असेल, तर काचेच्या स्कोपमागे मोबाइल बसवणारा साधा जोडही चालतो आणि तो खूप स्वस्त पडतो.

• चष्मा असेल, तर दुकानात डोळा लावून पाहावा. काही डिजिटल स्कोपना डोळा रबरी कपाला टेकवावा लागतो आणि चष्मा आडवा येतो.

• रात्री पक्षी-प्राण्यांवर नेम धरायचा असेल, तर उत्तर एकच: कोणताच स्कोप नाही.